आजीचं आयुष्य लिहून ठेवायचं असेल तर तिच्या भजनाच्या वहीपासून सुरुवात करा

२०१६ च्या श्रावणात मी आजीसमोर मोबाईल ठेवला आणि म्हटलं, "आजी, तुझ्या आयुष्याबद्दल सांग." ती संकोचून पदर सावरत बसली. जन्म सत्तरी तालुक्यातला, लग्न होऊन फोंड्याला आले, पाच मुलं झाली, देवाच्या कृपेनं सगळं बरं आहे. रेकॉर्डिंग चार मिनिटांत संपलं. ऐंशी वर्षांचं आयुष्य आणि चार मिनिटं.

आठवड्यानं तिची भजनाची वही चाळताना एका पानाच्या कडेला पेन्सिलीनं लिहिलेलं दिसलं, 'हे आवाड्यावरच्या काकीकडून.' मी सहज विचारलं, ही काकी कोण? त्या संध्याकाळी आजी दीड तास बोलली. काकीचं घर, तिच्या घरची पेटी, पेटी शिकायला सासूची परवानगी कशी मिळाली, काकी आजारी पडल्यावर तिला कोणी कोणी पाळीनं जेवण पोचवलं, आणि त्या पाळीतूनच पुढे महिलांचं भजनी मंडळ कसं उभं राहिलं, सगळं एका पानातून निघालं.

तेव्हापासून २०१९ मध्ये ती जाईपर्यंत मी हीच वाट धरली. आयुष्य विचारायचं नाही, गाणं विचारायचं. आपल्याकडे गोव्यात याला आणखी एक कारण आहे. आजी घरात बोलायची कोंकणी, पण वाचायची, लिहायची आणि गायची मराठीत. हरिपाठ मराठी, अभंग मराठी, चवथीच्या म्हणजे गणेश चतुर्थीच्या आरत्या मराठी. त्या काळच्या कितीतरी बायकांचं लेखन म्हणजे भजनाची वही एवढंच असतं. डायरी त्यांनी कधी लिहिली नाही. म्हणून ती वहीच त्यांची डायरी समजून वाचायची.

पहिलं काम: वही, ट्रंक आणि भिंतीवरचे फोटो

वहीला हात लावण्याआधी तिचे फोटो काढा. पहिल्या पुठ्ठ्यापासून शेवटच्या पुठ्ठ्यापर्यंत, कोरी पानंसुद्धा, क्रम न मोडता. मध्ये दडवलेल्या चिठ्ठ्या, वाळलेली फुलं, देवळाच्या वर्गणीची पावती ज्या पानात असेल त्याच पानासकट टिपा. आजीच्या वहीत एका गौळणीच्या पानात रेशनच्या साखरेचा हिशोब होता. तो फोटोत आला नसता तर ती गौळण साधारण कुठल्या काळात लिहिली हे कधीच कळलं नसतं.

उजेड खिडकीचा घ्या, फ्लॅश नको. मोबाईल वहीच्या बरोबर वर, समांतर धरा. घरी स्कॅनर असेल तर कागदपत्रांना ३०० डीपीआय पुरतं, पण जुने लहान फोटो ६०० डीपीआयवर करा, म्हणजे मागच्या रांगेतले चेहरेही मोठे करून ओळखता येतात. फोटोच्या मागची बाजूही स्कॅन करायची. नावं आणि स्टुडिओचा शिक्का तिथंच असतो.

आता जे मी चुकीचं केलं ते सांगते. वहीची चार पानं सुटली होती. मी ती एका दुकानात नेऊन लॅमिनेट करून आणली, मोठ्या प्रेमानं. तीन पावसाळ्यांत आत दमट डाग धरले, शाई पसरली आणि प्लास्टिक सोडवायला गेलं तर कागद सोबत येतो. लॅमिनेशन करू नका. सेलोटेप लावू नका. सुटी पानं कोऱ्या पांढऱ्या कागदाच्या घडीत ठेवून वही सुती कापडात गुंडाळा आणि घरातल्या सगळ्यात कोरड्या जागी ठेवा. बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट आपल्या हवेत घातक, जूनमध्ये ती भिंत घामेजते. लाकडी ट्रंक असेल तर वाळवीसाठी दर महिन्याला खालची बाजू बघा. कोरड्या दिवसांत वर्षातून दोनदा सगळं बाहेर काढून सावलीत वारा द्या, उन्हात नको. चिकट पानांच्या अल्बममध्ये घट्ट बसलेले फोटो ओढून काढू नका, अल्बममध्येच त्यांचे फोटो घ्या.

आवाज कसा घ्यावा

यासाठी महागडं यंत्र लागत नाही, पण शिस्त लागते. मोबाईल एअरप्लेन मोडवर टाका. पंखा बंद करा. आपल्या कानाला पंख्याची सवय असते, माईकला नसते, आणि पहिल्या तीन रेकॉर्डिंगमध्ये आजीच्या आवाजापेक्षा पंखाच जास्त ऐकू येतो हे मला नंतर कळलं. मोबाईल घडी घातलेल्या टॉवेलवर, तिच्या तोंडापासून वीतभर ते हातभर अंतरावर ठेवा, म्हणजे टेबलाची थरथर येत नाही. अंगणात पत्र्याची माटव म्हणजे मांडव असेल तर पावसात बसू नका, एक शब्द कळणार नाही. रिकामी खोली घुमते. कपडे, गाद्या असलेली आतली खोली सगळ्यात चांगली.

रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर आधी तुम्ही बोला, तारीख, जागा, समोर कोण बसलंय. दहा वर्षांनी मागे कोण हसतंय हे कोणालाही आठवत नाही. एका वेळी चाळीस मिनिटांपेक्षा जास्त नको. आमची वेळ ठरलेली होती, सकाळची पूजा झाली, पेज झाली की दहा वाजता. संध्याकाळी तिचा आवाज बसायचा आणि दिव्याची वेळ झाली की लक्षही उडायचं.

प्रत्येक गाणं तीनदा घ्या. एकदा ती म्हणेल तसं सलग, मध्ये कोणी साथ द्यायची नाही, टाळी वाजवायची नाही. दुसऱ्यांदा शब्द सावकाश, चालीशिवाय. तिसऱ्यांदा गाण्याविषयीचं बोलणं. तिसरा भाग हाच खरा खजिना, पण पहिले दोन झाल्याशिवाय तो उघडत नाही.

आजी पहिल्यांदा म्हणाली होती, "हांव खंय गायतां? गायतात त्यो. हांव फकत म्हणटां." आमच्या घरात गाणं म्हणजे केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर. एक केरीची, एक कुर्डीची, दोघी याच मातीतल्या आणि साऱ्या देशानं डोक्यावर घेतलेल्या. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानासोबत जी ध्वनिमुद्रिका अवकाशात गेली तिच्यात केसरबाईंची भैरवी आहे. त्यांच्यापुढे आपलं सोप्यावरचं म्हणणं कसलं गाणं, असं आजीला मनापासून वाटायचं. तिला पटवत बसू नका. "बरं, म्हण तर खरी," एवढंच सांगा. मी वहीत कधी 'गायिका' असा शब्द लिहिला नाही. तिनं 'म्हणटां' म्हटलं, मी 'म्हणायची' लिहिलं.

एका गाण्यामागे काय काय विचारायचं

आधी कोरडी माहिती. पेटी असेल तर सूर कोणता, म्हणजे पेटीची कोणती पट्टी, काळी चार की काळी पाच, सफेद एक? पेटी नसेल तर नंतर रेकॉर्डिंगवरून कोणाकडून तरी काढून घ्या. आजीचा आवाज शेवटच्या तीन वर्षांत काळी चारवरून काळी एकवर उतरला, आणि हे मी टिपलं म्हणून आज तिच्या वयाची एक नोंद सुरातही आहे. ठेका कोणता? बहुतेक भजनं आठ मात्रांच्या भजनी ठेक्यात असतात, पण गौळण केरव्यात आणि एखादं पद दादऱ्यात निघतं. मंडळात ते कुठल्या क्रमानं यायचं? रूपाच्या अभंगानं सुरुवात आणि भैरवीनं शेवट हे ठरलेलं, मधलं प्रत्येक मंडळाचं वेगळं असतं, आणि तो मधला भाग निवडण्यात त्या बायकांची आवड दिसते.

मग नाममुद्रा बघा. शेवटच्या कडव्यात 'तुका म्हणे', 'नामा म्हणे', 'एका जनार्दनी' आलं की रचना कोणाची याचा माग लागतो. आपल्या भागात सोहिरोबानाथ आंबिये आणि कृष्णंभट्ट बांदकर यांची पदं हमखास निघतात. छापील गाथेतला पाठ आणि आजीचा पाठ यांत फरक दिसेल. आजीचा 'दुरुस्त' करू नका. ती ज्या शब्दानं म्हणायची तोच वर ठेवा, छापील पाठ खाली लहान अक्षरात द्या. तिच्या एका अभंगात 'पंढरी'च्या जागी दर वेळी गावच्या देवाचं नाव यायचं. विचारल्यावर म्हणाली, काकीनं तसंच शिकवलं, काकी कधी पंढरीला गेली नव्हती.

आणि आता आयुष्याकडे नेणारे प्रश्न. हे कोणाकडून आलं? कुठं बसून शिकलीस? पहिल्यांदा सगळ्यांसमोर कधी म्हटलंस? कोणाला हे आवडायचं? हे म्हणायचं कधी सोडलंस, आणि का?

शेवटचा प्रश्न जपून विचारा. माझ्या आजीनं फुगडीची गाणी 'येत नाहीत' असं सांगितलं होतं. तिची मोठी बहीण भेटायला आली तेव्हा कळलं, गावात हिच्याएवढी फुगडी कोणाला यायची नाही. आजोबा गेल्यावर तिनं फुगडी घालणं सोडलं, चवथीच्या रात्री ती आतल्या खोलीत बसायची. भजन सोडलं नाही, कारण भजनाला कोणी हरकत घेतली नाही. दोघी बहिणी त्या दुपारी हात धरून बसल्या आणि बहिणीनं धरलेल्या गाण्यात आजीनं ओळी भरल्या. मी मोबाईल चालू केला होता, पण आधी दोघींना विचारून. सोळा गाणी निघाली. आजी उभी राहिली नाही, फक्त टाचेनं जमिनीवर ठेका धरून होती, आणि तो ठेका रेकॉर्डिंगमध्ये स्पष्ट आहे.

फुगडी आणि धालो, म्हणजे बायकांनी रांगा करून नाचत म्हणायची गाणी, एकटीची नसतातच. एकीला अर्धं आठवतं, उरलेलं दुसरीला. पौषातल्या रात्री मांडावर, म्हणजे वाड्यावरच्या ठरलेल्या अंगणात, दोन रांगांत म्हटलेलं गाणं खुर्चीत बसून एकटीला आठवत नाही, कारण पुढची ओळ समोरच्या रांगेची असते. म्हणून दोन-तीन जुन्या सोबतिणी एकत्र आणा. चहा ठेवा, घाई करू नका.

जागेवर नेणं जमत असेल तर जरूर न्या. साळावली धरणाखाली गेलेल्या कुर्डीचे लोक मे महिन्यात पाणी ओसरल्यावर आपल्या मोडक्या घरांच्या जागी जमतात, कारण पाय तिथं टेकल्याशिवाय काही गोष्टी आठवतच नाहीत. आजीला तिच्या माहेरच्या विहिरीवर नेलं तेव्हा तिला अशी एक जात्यावरची ओवी आठवली जी दोन वर्षांत घरात कधी आठवली नव्हती.

तारखा: तिच्या पंचांगानं

"कोणत्या साली?" या प्रश्नाला उत्तर येत नाही. "त्या वेळी काय चाललं होतं?" याला येतं. गोव्यात आपल्याकडे ठसठशीत खुणा आहेत, त्यांची यादी कागदावर समोर ठेवा. १८ जून १९४६ ची मडगावची डॉ. राममनोहर लोहियांची सभा. १५ ऑगस्ट १९५५ चा सत्याग्रह आणि त्यानंतरची नाकेबंदी. रुपया जाऊन एस्कुद हे पोर्तुगीज चलन आलं तो काळ, १९५९ च्या सुरुवातीचा. १९ डिसेंबर १९६१ ची पोर्तुगीजांपासून मुक्ती. १६ जानेवारी १९६७ चा, गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा का यावरचा जनमत कौल. १९८६ च्या जुलैत मांडवीचा पूल कोसळला. ३० मे १९८७ ला गोवा वेगळं राज्य झालं. १९९८ ला कोंकण रेल्वे पूर्ण सुरू झाली.

आजोबा कधी गेले हे आजीनं एकाच वाक्यात सांगितलं, "तो पूल पडलो न्हय, त्याच पावसांत." लग्नाचं साल तिला माहीत नव्हतं, पण वरातीला मुंबईचा मामा येऊ शकला नाही कारण "शीम बंद केल्ली", म्हणजे सीमा बंद केली होती, हे पक्कं आठवत होतं. पहिल्या कमाईचे पैसे एस्कुदात सांगते की रुपयांत, यावरूनही दोन-तीन वर्षांच्या आत पोचता येतं. प्रत्येक घटनेपुढे पक्की तारीख, अंदाज आणि ऐकीव अशा तीन खुणा वेगवेगळ्या रंगात करा. दोन भावंडं दोन वेगळ्या गोष्टी सांगतील. दोन्ही लिहा, कोणी सांगितलं ते नावासकट.

कागदांत बाई शोधायची कुठं

देवस्थानच्या महाजनांच्या यादीत ती सापडत नाही, गावकरीच्या, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थेच्या, जोणाच्या (वाटपातल्या हिश्श्याच्या) नोंदीत पुरुष वारस असतात. तिथं वेळ घालवू नका. बाई सापडते जन्माच्या, लग्नाच्या आणि मालमत्तेच्या कागदात.

जन्म-लग्नाच्या पोर्तुगीज काळातल्या नोंदींसाठी आधी तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रार कार्यालयात जा. फार जुनी पुस्तकं पणजीच्या पुराभिलेख खात्यात असू शकतात. नोंद पोर्तुगीजमध्ये असेल आणि नाव ओळखू येणार नाही, याची तयारी ठेवा. 'श' चा उच्चार ते एक्स अक्षरानं लिहीत, 'क' साठी सी किंवा क्यू वापरत. कामत 'कामोतीं' होतो, प्रभू 'पोरोबो' होतो, शिरोडकर एक्सपासून सुरू होतो. शिवाय लग्नात आजीचं नाव बदललेलं असतं. म्हणून शोधायला जाण्याआधी माहेरचं नाव, तिच्या आईचं नाव आणि गाव लिहून न्या. आम्हाला आजीची जन्मनोंद तिसऱ्या फेरीत मिळाली, १९३६ ची. त्या दिवशी मी तिला तिचं माहेरचं नाव वाचून दाखवलं. साठ वर्षांत त्या नावानं तिला कोणी हाक मारली नव्हती. ती काही बोलली नाही, कागद हातात घेऊन बराच वेळ बसली.

मालमत्तेच्या कागदाबद्दल थोडं जास्त सांगते, कारण हे फार जणांच्या लक्षात येत नाही. गोव्याच्या नागरी कायद्यात सहसा लग्नानंतर नवरा-बायको मालमत्तेचे समान वाटेकरी ठरतात, त्यामुळे जमीन विकायची तर दोघांची संमती लागते. म्हणजे आजोबांनी शेत, कुळागर (पोफळीची बाग) विकलं किंवा गहाण टाकलं असेल तर त्या दस्तावर आजीची सही नाहीतर अंगठा असणारच. १९६० च्या दशकातल्या आमच्या एका विक्रीखतावर आजीची सही आहे, थरथरत्या पण नीट मराठी अक्षरांत. अंगठ्याऐवजी सही करता यावी म्हणून ती काकीकडे रात्री अक्षरं गिरवायची, हे तो कागद दाखवल्यावरच तिनं सांगितलं. वारसाहक्काच्या इन्व्हेंटरीच्या कागदांतही कुटुंबातल्या सगळ्या मुली नावानिशी असतात. वंशावळ त्यावरून करा, म्हणजे मुली गळत नाहीत.

वर्तमानपत्रांत काही आलं असेल असं वाटलं तर पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात जुने अंक बघता येतात. मुक्तीनंतर १९६२ मध्ये सुरू झालेल्या 'गोमन्तक'च्या जुन्या अंकांत गावोगावच्या उत्सवांच्या, भजनांच्या बातम्या येत. पण महिना तरी माहीत असल्याशिवाय जाऊ नका.

तिनं केलेली सेवा तिला विचारू नका

ती सांगणार नाही. तिच्या लेखी ती सेवा नव्हतीच, शेजारधर्म होता. "तू समाजासाठी काय केलंस?" असं विचारलं तर "कांयच ना गो बाये" हेच उत्तर. हा भाग वाड्यावर फिरून गोळा करायचा असतो.

मी आठ घरं घेतली. प्रत्येक घरी एकच प्रश्न, "आजी तुमच्या घरी कधी आली होती?" एका घरात कळलं, वयजीण म्हणजे सुईण यायला उशीर झाला तेव्हा रात्रभर कंदील धरून आजीच बसली होती. दुसऱ्या घरातल्या म्हाताऱ्या मावशीनं सांगितलं, नवरा बोटीवर गेला की त्याला पत्र लिहून घ्यायला ती आजीकडे यायची, कारण आजी लिहिलेलं कोणाला सांगत नसे. आमच्या ख्रिश्चन शेजारणीनं मला आत नेऊन एक स्टीलचा डबा दाखवला. चवथीला आजी त्यात नेवऱ्या पाठवायची, नाताळाला तो दोदोल भरून परत जायचा. आजोबा गेले त्या वर्षी सुतकामुळे आपल्याकडे चवथ नव्हती, तेव्हा डबा रिकामा राहू नये म्हणून तिनंच आधी भरून पाठवला होता. डब्यावर आजीचं नाव कोरलेलं आहे. त्याचा फोटो पुस्तकात पूर्ण पानभर घेतला.

मंडळाचं जमाखर्चाचं पुस्तक मिळवा. आमच्या मंडळाचं एका सभासदाच्या माळ्यावर होतं. भजनाच्या बिदागीतून आलेले पैसे आणि त्यांचा खर्च, एवढंच त्यात आहे. पण खर्चाच्या बाजूला 'पेटीचे भाते', 'तबल्याची शाई' यांच्याबरोबर 'बालवाडीच्या पाट्या', 'अमुकीच्या औषधाला' असं लिहिलेलं दिसतं. भजनाचे पैसे कुठं गेले याचा हिशोब म्हणजेच या बायकांच्या समाजकार्याचा इतिहास. आमच्या सोप्यावर बालवाडी भरायची हे मला माहीत होतं. तिचा खर्च नऊ वर्षं भजनानं उचलला हे कुणालाच माहीत नव्हतं, घरातल्यांनाही नाही.

एक गोष्ट मात्र कसोशीनं पाळा. बोलताना ती "तें बरोवं नाका", म्हणजे ते लिहू नकोस, म्हणाली तर तिथंच रेकॉर्डिंग थांबवा आणि तो भाग तिच्यासमोर पुसा. माझ्याकडे अशा तीन गोष्टी आहेत. त्या माझ्याबरोबर राहतील. वाड्यावर दुसऱ्या घरांच्या आजारपणाचं, भांडणाचं जे कळेल तेही त्या घरच्यांना विचारल्याशिवाय छापू नका. आजीनं जपलेला विश्वास आपण तिच्या नावानं मोडायचा नाही.

आजी आता नसेल तर

उशीर झाला असं समजून थांबू नका. वही असते, सोबतिणी असतात, आणि फार घरांत कॅसेट असतात, सप्ताहाच्या, वर्षश्राद्धाच्या भजनाच्या, कोणाच्या तरी मुंजीच्या. कॅसेट लगेच टेपमध्ये घालू नका. उजेडात धरून खिडकीतून फीत बघा. पांढरट भुकटी किंवा जाळी दिसली तर ती बुरशी. अशी कॅसेट वाजवली तर फीतही जाते आणि टेपचं हेडही खराब होतं, ती जाणकाराकडेच द्या. स्वच्छ असेल तर आधी एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवा, म्हणजे चिकटलेली फीत मोकळी होते. मग टेपच्या लाइन-आउटमधून कॉम्प्युटरला जोडून वेव्ह फाईलमध्ये घ्या, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट पुरे. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटंच लागतात, घाईचा मार्ग नाही. सुरुवातीची आणि मधली गडबड कापू नका. आमच्या एका कॅसेटमध्ये भजन सुरू होण्याआधी अकरा सेकंद आजीचा आवाज आहे, कोणाला तरी सांगते, "पंखो बंद कर, समयी विझतली." सगळ्या भजनांपेक्षा माझ्या आईनं ती अकरा सेकंद जास्त वेळा ऐकली आहेत.

जुळवणी

पुस्तक जन्मापासून मृत्यूपर्यंत लावू नका. आम्ही बावीस गाणी निवडली आणि प्रत्येक गाण्याला एक प्रकरण दिलं. डाव्या पानावर गाणं, आजीच्या वहीतल्या पानाचा फोटो, सूर, ठेका. उजवीकडून त्या गाण्याची माणसं. जात्याच्या ओवीखाली माहेर आलं, काकीच्या अभंगाखाली सासर आणि सही, गौळणीखाली मंडळ आणि बालवाडी. फुगडीचं प्रकरण तिच्या बहिणीच्या तोंडून ठेवलं. शेवटी कालक्रम एका पानावर, वंशावळ एका पानावर. आजीची वाक्यं कोंकणीतच ठेवली, मराठी केली नाहीत. तिचं बोलणं बदललं तर ती बदलते.

चाळीस प्रती काढल्या. वाड्यावरच्या आठही घरांना आधी दिल्या, नातेवाइकांना नंतर. गाण्यांत नाट्यपद किंवा सिनेमातलं काही असेल तर शब्द पूर्ण छापू नका, त्यांचे हक्क असू शकतात. संतांच्या अभंगांना ती अडचण नाही.

रेकॉर्डिंगच्या तीन प्रती हव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक गोव्याबाहेर. आमची तिसरी पुण्याच्या मावशीकडे आहे. फाईलच्या नावात तारीख, गाण्याचा पहिला शब्द आणि म्हणणाऱ्यांची नावं घाला, 'नवीन रेकॉर्डिंग सात' असं ठेवू नका. दर चवथीला सुट्टीत एकदा सगळ्या फाईली उघडून वाजतात का बघा. पेनड्राईव्ह न सांगता मरतो.

आणि गाणी बसवा. आजीच्या तिथीला आम्ही पंगतीनंतर सोप्यावर बसतो, मंडळातल्या उरलेल्या चारजणी येतात. पहिल्या वर्षी मामेबहिणीच्या मुलीनं पेटी धरली, दहा वर्षांची. काकीचा अभंग लावायचा होता. तिनं भाता ओढून विचारलं, "सूर कोणता?" चारजणींतली सगळ्यात म्हातारी, जिला आता नीट दिसत नाही, ती डोळे मिटूनच म्हणाली, "काळी चार. तिचो तोच आसलो."

पंखा आम्ही आधीच बंद केला होता.